नैऋत्य कोपऱ्यातलं वजन

स्मृति नगरातल्या एका बंगल्याच्या फाटकाआड दोन चाकांवरची एक पांढरी खोली उभी आहे. तिचं तोंड पूर्वेला आहे. आत पलंग, ओटा, संडास, एसी आणि संगमरवरी देवघर आहे. बाहेरून निळ्या अक्षरांत 'शुभयात्रा' लिहिलेलं आहे. बंगल्यावर आल्यापासून ती एकदाच रस्त्यावर निघाली, आणि त्या दिवशी आत माझे वडील होते.

हे लिहायचं मी बरेच दिवस टाळत होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. आमच्याकडे शिकलेल्या माणसाबद्दल वाईट बोलायची रीत नाही. शिकलेला माणूस चुकतो, हेच मुळात घरात कुणाला माहीत नव्हतं. म्हणून त्या बंगल्यातल्या साहेबांबद्दल मला जे वाटतं त्याला तिरस्कार म्हणताना मी अजून अडखळते. पण दुसरा शब्द मला सापडलेला नाही, आणि शोधून बघितला आहे.

ती खोली ओढायला साहेबांनी घेतलेली गाडी हे वेगळंच प्रकरण होतं. एका परदेशी कंत्राटदारानं इथलं काम गुंडाळताना लिलावात काढलेली पिकअप. आपल्याकडे टमाट्याचे क्रेट वाहतात तसली नव्हे. बॉनेट माझ्या खांद्याएवढं उंच, पाच माणसं बसतील अशी केबिन आणि मागे उघडा हौदा. इंजिन पेट्रोलचं. सुपेल्याच्या बाजारात कुणीही ती पहिल्यांदा बघितली की एकच विचारायचं, डिझेल नाही का? साहेब ह्या प्रश्नाची वाटच बघत असत. डिझेल ट्रकवाल्यांसाठी, पेट्रोल म्हणजे जंटलमन, असं सांगून ते इंजिन सुरू करायचे आणि बॉनेटवर पाण्यानं भरलेला ग्लास ठेवून दाखवायचे की बघा, पाणी हलत नाही. हे मी निदान आठ-नऊ वेळा बघितलं. ग्लास भरून आणून द्यायचं काम माझ्या वडिलांचं असायचं. जरासा चढ आला की तोच जंटलमन दोन गिअर खाली उतरून किंचाळायचा, आणि पंपावर उभा राहिला की पंपावरचा माणूस खुर्ची ओढून बसायचा. हे साहेब सांगत नसत.

बाबा पोलाद प्लांटच्या आतल्या रेल्वेत होते. डबे जोडायचे, सोडायचे, इंजिनाला झेंडी दाखवायची. साहेब त्याच खात्यात अधिकारी. दोघं एकाच वर्षी रिटायर झाले. रिटायर झाल्यावरही साहेब त्यांना 'पॉइंट्समन' म्हणूनच हाक मारत. माझ्या वडिलांना नाव आहे. ते साहेबांना कधी लागलं नाही.

मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रोजेक्टला बाहेरच्या कामाचा अनुभव असलेला एक मार्गदर्शक लागतो आणि रिपोर्टवर त्याची सही लागते. सहीशिवाय रिपोर्ट जमा होत नाही, रिपोर्टशिवाय परीक्षा नाही. वर्गातल्या बाकीच्यांना कुणाचा काका, कुणाचा मेव्हणा होता. माझे काका भंडाऱ्याकडे धान लावतात. मग बाबा मला घेऊन साहेबांकडे गेले आणि व्हरांड्यात उभ्या उभ्याच विषय काढला. साहेब म्हणाले, माझा ट्रेलरच एक प्रोजेक्ट आहे. तो कसा ओढला जातो, वजन कुठे पडतं, हे लिही बेटा, सही मी करतो. मला इतका आनंद झाला की त्यांच्या पाया पडले. ते आठवलं की आजही कपाळ पुसावंसं वाटतं.

त्या दिवसापासून बाबा दर रविवारी बंगल्यावर जाऊ लागले. जायचं असं कुणी म्हटलं नव्हतं. पण ते ठरलंच होतं.

ट्रेलर सुपेल्यात, चौकामागच्या एका शेडमध्ये तयार होत होता. तिथला मिस्त्री ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि पाण्याचे टँकर बनवतो. सांगाडा उभा झाल्यावर साहेबांनी रायपूरहून एका वास्तुतज्ज्ञाला बोलावलं. पांढरा सदरा, मोबाइलमध्ये होकायंत्र. त्यांनी विचारलं, घरी ही उभी राहणार कुठल्या तोंडाला? पूर्वेला, साहेब म्हणाले. मग त्या हिशेबानं आखणी झाली. ईशान्येला देवघर, म्हणजे पुढे डावीकडे. आग्नेयेला ओटा, पुढे उजवीकडे. पूर्व मोकळी आणि हलकी. आणि घर स्थिर राहायचं तर नैऋत्य जड हवी. म्हणून पाण्याची टाकी, दोन मोठ्या बॅटऱ्या, जनरेटर आणि लोखंडी कपाट हे सगळं मागे उजव्या कोपऱ्यात.

मी वही घेऊन शेजारीच उभी होते. पहिलीतल्या पोराला सुचेल तो प्रश्न मलाही सुचला होता. गाडी वळली की काय? अहिवाऱ्याकडे निघालं की तोंड उत्तरेला होणार. मग देव वायव्येत जाणार आणि परत येताना आग्नेयेत, ओट्याच्या जागी. घराला चाकं लावल्यावर त्याच्या दिशा कुठल्या धरायच्या? दोन पदव्या असलेला माणूस आणि त्याला फी घेऊन दिशा दाखवणारा दुसरा माणूस, दोघं त्या सांगाड्यात गंभीर चेहऱ्यानं फिरत होते, आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की ही वस्तू चालणार आहे. मी विचारलं नाही. मला सही हवी होती.

मिस्त्री एकदा बोलला, हे सांगायला हवं. "साहब, पीछे बहुत हो जाएगा।"

"तुम ट्रॉली बनाते हो," साहेब म्हणाले, "ये घर है।"

मिस्त्री वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढून कामाला लागला.

ट्रेलर बंगल्यावर आला त्या दिवशी शेजारपाजारच्यांना बोलावलं होतं. नारळ फुटला. टाकी भरलेली, सगळं सामान आत, साहेबांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, पडदेसुद्धा लावलेले. मग साहेबांनी बाह्या सावरल्या आणि ट्रेलरच्या पुढची दांडी, म्हणजे जी पिकअपच्या हुकाला अडकते ती, एका हातानं उचलून धरली. म्हणाले, पंधरा क्विंटलची खोली आहे ही, आणि बघा, एका हातात. याला बॅलन्स म्हणतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

सगळे पेढे खायला आत गेल्यावर बाबा पुढे झाले. हात पँटला पुसला आणि दांडी डाव्या हातानं उचलली. खाली ठेवली. ट्रेलरभोवती एक फेरी मारली, मागच्या कोपऱ्यापाशी थांबले, परत येऊन पुन्हा उचलली. साहेब बाहेर आले तेव्हा बाबा म्हणाले, "साहेब, उलार हाय हे."

बैलगाडीत मागे भार जास्त झाला की पुढचं जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला पट्टा आवळतो. अशा गाडीला उलार म्हणतात. नोकरी लागण्याआधी बाबांनी गावात धानाच्या गाड्या हाकल्या आहेत. गाडी भरली की जुवाखाली हात घालून भार बघायचा, आणि जू हाताला हलकं लागलं तर दोन पोती पुढे घ्यायची, हे त्यांच्या हाताला माहीत आहे.

साहेबांनी ते व्हरांड्यातल्या सगळ्यांना ऐकवलं. पॉइंट्समन म्हणतो, उलार आहे. लोक हसले. "अरे, ही काय तुझी बंडी आहे का? समोर बैल नाहीत, तीनशे घोडे आहेत."

"बैल तरी अडून सांगते, साहेब," बाबा म्हणाले. "इंजिन सांगत नाही." आणि ग्लास धुवायला नळावर गेले.

घरी येताना स्कूटरवर मागे बसून त्यांनी मला विचारलं, "तुह्या पुस्तकात काय लिहून हाय यावर?" मी म्हटलं, बघून सांगते. खरं म्हणजे मला तेव्हाच माहीत होतं. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा किंवा थोडा जास्तच पुढच्या हुकावर यायला हवा. नाही आला तर वेग वाढल्यावर मागचा भाग शेपटीसारखा डोलायला लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाच हलवतो. ओढणारं इंजिन कितीही ताकदीचं असो, फरक पडत नाही, कारण प्रश्न ओढण्याचा नसतोच. पुस्तकानं याला अर्धं पान आणि एक सूत्र घेतलं आहे. बाबांनी डावा हात वापरला होता.

तरी मी मोजायचं ठरवलं. काकूंकडे न्हाणीघरात वजनकाटा होता. तो मागितला, दांडीखाली फळी टाकून त्यावर ठेवला आणि सगळं सामान जसंच्या तसं असताना भार घेतला. वीस किलो. काकू वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, हे तर माझ्या धाकट्या नातवाचं वजन." यायला हवं होतं दीडशे.

साहेब तिथून जात होते. काय आलं, त्यांनी विचारलं.

"वीस, सर."

"वा. हलकं आहे ना?"

"हो सर," मी म्हटलं.

त्या दोन शब्दांसारखी हलकी गोष्ट मी आयुष्यात दुसरी केलेली नाही. माझ्या वहीत आकडा होता, पुस्तकात नियम होता आणि घरी एक माणूस होता ज्यानं हे आधीच सांगितलं होतं. साहेबांचा तिरस्कार मी करते तेव्हा हा हिशेबही मांडते.

पुढच्या रविवारी सकाळी चाचणीसाठी अहिवाऱ्याच्या रस्त्यावर जायचं ठरलं. स्टिअरिंगवर साहेब. शेजारी मी, वही घेऊन, कारण मी इंजिनिअर. केबिनमधली मागची पूर्ण सीट रिकामी होती. साहेब बाबांना म्हणाले, "पॉइंट्समन, तू ट्रेलरमध्ये बस. देवघराकडे लक्ष ठेव. काही वाजलं तर फोन कर."

चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नसतो. हेही पुस्तकात होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा दारापाशी पोचले होते. आत देव आहेत म्हणून त्यांनी चपला काढल्या, हातात घेतल्या आणि चढले. तोंड मी तसंच मिटलं.

सुपेल्याच्या गर्दीतून निघेपर्यंत काही कळलं नाही. तिथे सगळंच सायकलच्या वेगानं चालतं. पुढे रस्ता मोकळा झाला आणि साहेबांनी पाय दाबला. ते बोलत होते की मागे काही जोडलेलं आहे असं वाटतच नाही, पेट्रोलची हीच मजा आहे. मी माझ्या बाजूच्या आरशात बघत होते. आरशात ट्रेलरची कड एकदा दिसायची आणि एकदा नाहीशी व्हायची. आधी सावकाश. सर, जरा हळू, असं मी म्हटलं असेन, पण इंजिनाच्या आवाजात ते मलाच ऐकू आलं नाही.

पुढे पुलाचा उतार लागला. उतारावर चुनखडीनं भरलेला एक डंपर आम्हाला ओलांडून गेला. तो गेल्यावर हवेचा धक्का बसला आणि मागची खोली डावीकडे गेली, मग उजवीकडे, मग आणखी डावीकडे. पिकअपची मागची बाजूही तिच्याबरोबर सरकायला लागली. सीटखालून कुणी गाडी धरून हिसडतंय असं वाटत होतं. साहेबांनी करकचून ब्रेक मारला. त्यानं खोली अजूनच फिरली.

"सर, ब्रेक सोडा," मी म्हटलं. त्या माणसाशी न अडखळता बोललेलं माझं ते पहिलं वाक्य. त्यांनी ऐकून सोडला की भीतीनं पाय निघाला, मला माहीत नाही. वेग उतरत गेला. आणखी तीनदा हेलकावे आले, प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान. शेवटी ट्रेलरचं डावं चाक डांबर सोडून मुरमात रुतलं आणि आम्ही तिरके थांबलो.

साहेब उडी मारून मागे धावले. क्षणभर मला त्यांच्याबद्दल बरं वाटलं. त्यांनी ट्रेलरचं दार उघडलं आणि आत डोकं घालून विचारलं, "देवघर ठीक आहे ना?"

बाबा पुढच्या भिंतीला पाठ लावून, ओट्याच्या पायाशी जमिनीवर बसले होते. पाय पसरलेले. दोन्ही बाजूंना पिण्याच्या पाण्याचे दोन मोठे कॅन, वीस-वीस लिटरचे, आणि दोन हात त्या दोघांवर. भुवईवरून रक्ताची बारीक रेघ उतरत होती. चपला मांडीवर. त्यांनी मान वळवून आधी देवघराकडे नीट बघितलं आणि मगच उत्तर दिलं. ठीक आहे, साहेब.

साहेबांची नजर कॅनवर गेली. हे मागे कपाटाजवळ होते, ते इथे कसे आले, त्यांनी विचारलं.

"म्या आनले, साहेब. समोर जरा भार पाहिजे म्हून. मीबी समोरच बसलो."

साहेबांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी विसरणार नाही. सुटका आली. ज्याला गुन्हेगार मिळाला त्या माणसाची सुटका. "म्हणजे नैऋत्य हलकी केलीस तू," ते म्हणाले. "कुणाला न विचारता. मग डोलणार नाही तर काय होणार?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. काही विचारायला नाही, नुसतंच. मी वहीकडे बघितलं.

कॅन परत मागे ठेवायला लावले. बाबांनीच ठेवले. चाक मुरमातून काढलं आणि आम्ही परत निघालो, खरोखर बैलगाडीच्या वेगानं. येताना बाबांना ट्रेलरमध्ये बसवलं नाही. केबिनमध्येही नाही, सीटला रक्त लागलं असतं. ते पिकअपच्या उघड्या हौद्यात बसले, आणि सगळा रस्ता मागच्या काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती.

दोन दिवसांनी साहेबांचा फोन आला. आवाज मायेचा होता. म्हणाले, बेटा, निष्कर्षात नीट कारण लिही. हेल्परनं परवानगी न घेता सामानाची जागा बदलली, त्यामुळे तोल गेला. नाव घालायची गरज नाही. हेल्पर म्हटलं की पुरे. रिपोर्ट घेऊन ये, लगेच सही करतो.

मी बाबांना सांगितलं नाही. आईला कळलं असावं, कारण तिनं त्या संध्याकाळी मला दोनदा विचारलं की कावून वं, जेवत नाहीस. भुवईवर पट्टी लावलेले बाबा अंगणात बसून आईचं रेशनचं पोतं शिवत होते.

मी हिशेब मांडला. अ‍ॅक्सलपासून म्हणजे चाकांच्या आसापासून, कुठली वस्तू किती अंतरावर, तिचं वजन किती, असा तक्ता केला. टाकी, बॅटऱ्या, जनरेटर, कपाट, एसी, देवघर. मग कॅनच्या दोन ओळी, आधीची जागा आणि नंतरची जागा. शेवटी आणखी एक ओळ लिहिली. 'एक व्यक्ती, बासष्ट किलो, अ‍ॅक्सलच्या पुढे.' ती ओळ लिहिताना पेन्सिल मोडली. उत्तर आलं ते असं. सामान साहेबांच्या मांडणीत असताना हुकावर वीस किलो. दोन कॅन आणि ती व्यक्ती पुढे आल्यावर शंभर. शंभरही पुरेसं नव्हतं, म्हणून खोली डोलली. वीस असतं तर ती डोलून थांबली असती का, हे मी रिपोर्टमध्ये लिहिलं नाही, कारण ते मला सिद्ध करता येत नाही. निष्कर्षात एवढंच लिहिलं की मागच्या कोपऱ्यातलं वजन हे कारण आहे आणि सामान पुढे हलवणाऱ्या व्यक्तीमुळे धोका कमी झाला.

तो घेऊन बंगल्यावर गेले. वाटेत तीनदा वाटलं, परत फिरावं. साहेब व्हरांड्यात बसले होते. त्यांनी रिपोर्ट हातात घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला आणि आभाराचं पान काढलं. ते मात्र लक्ष देऊन वाचलं. आपल्या नावापुढे दुसरी पदवी राहिली आहे, ती पेनानं स्वतःच घातली. मग शेवटच्या पानावर लांबलचक सही केली. मधली चाळीस पानं त्यांनी उघडली नाहीत. एकही नाही.

रिपोर्ट माझ्या पिशवीत होता. खरं तर माझं काम झालं होतं. खरं लिहिलं होतं आणि त्यावर सही मिळाली होती. स्कूटरची चावी काढत मी फाटकाकडे निघाले, आणि मनात हसत होते, हे कबूल करते. न वाचता सही करणारा माणूस. किती सोपा.

ट्रेलरचं दार उघडं होतं. आत काकू स्टीलचे डबे लावत होत्या. मला बघून म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात पुण्याहून नातवंडं येताहेत, सगळे अमरकंटकला जाणार आहोत ह्याच्यातून. धाकटा तर आत्तापासून फोनवर सांगतो की मी मागच्या खिडकीतच बसणार.

अमरकंटकला घाट आहे.

मी चावी मुठीत धरून तिथेच थांबले. पिशवी खांद्यावर जड झाली होती. बोलले तर सही जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि न बोलता निघून गेले तर व्हरांड्यात बसलेल्या माणसात आणि माझ्यात फरक काय राहणार, तोही मला दिसत होता. त्यानं तर निदान वाचलं नव्हतं. मी लिहिलं होतं.

"काकू," मी म्हटलं, "तुमचा वजनकाटा आठवतो? वीस आलं होतं. दीडशे यायला हवं होतं. मुलांना ह्यात बसवू नका."

त्यांनी हातातला डबा खाली ठेवला. "ह्यांना सांगितलंस?"

"लिहिलंय. त्यांनी सही केलीये त्याच्यावर."

काकूंनी साहेबांना हाक मारली. ते आले, मी पान उघडून दिलं आणि त्यांनी उभ्यानं वाचलं. तक्त्यावर बोट ठेवून खाली खाली येत शेवटच्या ओळीवर थांबले. "ही एक व्यक्ती कोण?"

मी माझ्या वडिलांचं पूर्ण नाव सांगितलं. त्यांनी परत विचारलं, कोण? मी परत सांगितलं. मग त्यांच्या लक्षात आलं.

ते ओरडले नाहीत. खिशातून तेच पेन काढलं, शेवटचं पान उलटलं आणि आपल्या सहीवर एक रेघ मारली. मग दुसरी. मग कागद फाटेपर्यंत मारत राहिले. म्हणाले, तुम्हा लोकांना घरात घेतलं हीच चूक. मागे काकू ट्रेलरमधून डबे काढत होत्या. एकेक डबा उचलून, साहेबांकडे न बघता, त्या घरात नेऊन ठेवत होत्या. पाच फेऱ्या झाल्या तोवर मी फाटकाबाहेर पडले.

अमरकंटकला ते रेल्वे आणि टॅक्सी करून गेले, असं नंतर कळलं. खोली तशीच उभी आहे. नैऋत्य जड, पूर्व हलकी, देव ईशान्येला. घर म्हणून तिच्यात काही खोट नाही.

सहीचा प्रश्न उरला. मला सुपेल्याचा मिस्त्री आठवला. त्याच्याकडे दुकानाचा शिक्का आहे, वीस वर्षांचं काम आहे आणि ट्रेलर त्यानंच बनवला होता. कॉलेजच्या सरांनी नाक मुरडलं, पण नियमात बसत होतं. मिस्त्रीनं माझ्याकडून निष्कर्ष हिंदीत वाचून घेतला, मान हलवली आणि म्हणाला, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मग बनवलं कशाला, मी विचारलं. "साहेब जइसन कहिस, वइसन बना देन," तो सहज म्हणाला आणि जांभळा शिक्का मारला. त्याचाही मला राग येतो. पण 'हो सर' म्हणणाऱ्या मुलीनं त्याच्यावर रागवावं, हे मला नीटसं जमत नाही.

शिक्का मारायला नेण्याच्या आदल्या दिवशी मी नवी प्रत काढत होते. तेव्हा बाबांनी विचारलं, माह्याबद्दल काही लिहिलंस काय? मी तक्ता दाखवला. शेवटची ओळ वाचून दाखवली. त्यांनी कागद उजेडाकडे धरला आणि त्या ओळीवरून अंगठा फिरवला.

"बासठ नोको लिहू," ते म्हणाले. "त्या दिवशी मी जेवून नोहतो गेलो. एकसठ धर."

हुकावरच्या भारात त्यामुळे अर्ध्या किलोचा फरक पडत होता. मी सगळा तक्ता पुन्हा केला.